मदत हवी आहे: डेबियनची जुनी आयएसओ ताजी कशी करायची?

मंडळी, गावच्या वाचनालयातल्या पीसींवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आहे, २०२३ च्या पहिल्या डीव्हीडी इमेजवरून (आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एक फाइल) टाकलेलं. चालू मशीनचं टेन्शन नाही. 'एपीटी अपडेट', मग 'एपीटी अपग्रेड' या कमांड मारल्या की ती नव्या पॉइंट रिलीजवर (त्याच आवृत्तीच्या दुरुस्त्यांसह निघालेल्या नव्या संचावर) येतात, त्यासाठी नवी आयएसओ लागत नाही.

घोडं अडलंय पेनड्राइव्हवर. त्यातली इमेज जुनीच, त्यामुळे नवा पीसी आला की पुन्हा शेकडो एमबी डाउनलोड, आणि इथलं नेट म्हणजे आनंदच!

जिग्डो नावाचं डाउनलोडचं टूल म्हणे जुन्या इमेजमधली न बदललेली पॅकेजेस (सॉफ्टवेअरच्या फाइल्स) उचलतं आणि बाकीचीच उतरवतं. कुणी वापरलंय का? जुनी आयएसओ माउंट करून (फोल्डरसारखी उघडून) तिचा पाथ दिला की पुरतं? की सरळ एका मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी (एकदा उतरवलेली पॅकेजेस साठवून बाकीच्या मशीनना देणारा प्रोग्रॅम) बसवू?