त्रिघाती समीकरणाची तिन्ही मुळं सिम्पायमध्ये मिळतात, पण आलेख अर्ध्याहून जास्त कोरा

तिसरं_मूळ

नमस्कार. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी एक टिपण लिहिते आहे. विषय साधा आहे: एखाद्या प्रणालीचा बदलाचा वेग ३क्ष − क्ष^३ − क असा असेल, तर तिच्या समतोल स्थिती कुठे आहेत आणि क बदलत गेलं की त्या कशा सरकतात. म्हणजे क्ष^३ − ३क्ष + क = ० हे समीकरण सोडवायचं आणि क च्या अक्षावर तिन्ही मुळांचा आलेख काढायचा.

सिम्पायच्या (पायथनमधली अक्षरी बीजगणित करणारी लायब्ररी) सॉल्व्हला समीकरण दिलं. घनमूळं आणि आयने (−१ चं वर्गमूळ) भरलेली तीन लांबलचक सूत्रं आली. ती लॅम्ब्डिफायमधून (सूत्राचं आकडेमोडीच्या फलनात रूपांतर करणारी सोय) काढून नमपायच्या (आकड्यांच्या रांगांवर गणना करणारी लायब्ररी) फलनात बदलली, क ला −४ ते ४ पर्यंतच्या किमती दिल्या आणि मॅटप्लॉटलिबवर काढली. आलेखात क = २ च्या डावीकडे काहीच नाही. २ च्या उजवीकडे दोन रेघा दिसतात, एक खाली −२ च्या खालून जाणारी आणि एक वर १ च्या जरा वर. सोबत दोन इशारे येतात: एक "इनव्हॅलिड व्हॅल्यू", वर्गमुळासाठी, आणि दुसरा "कास्टिंग कॉम्प्लेक्स व्हॅल्यूज टू रिअल".

गणित सांगतं की −२ आणि २ च्या मधेच तीन वास्तव मुळं आहेत. नेमका तोच भाग कोरा आहे. सिम्प्लिफाय चालवून पाहिलं, रॅडसिम्प चालवलं, आय काही जात नाही. सूत्र चुकीचं आहे का? की आलेख काढणाऱ्याचं काही बिनसलं आहे?

कागद_पेन्सिल

सूत्र बरोबर आहे. आलेख काढणाऱ्याचंही काही बिनसलेलं नाही. दोघांच्या मधे जो पूल आहे, लॅम्ब्डिफायचा, तिथे अर्थ बदलतो आहे. हे नीट समजून घ्या, कारण पुढे कित्येक ठिकाणी हीच गोष्ट वेगळ्या रूपात भेटेल.

तुमच्या सूत्रात एक वर्गमूळ आहे, सरळ केलं तर २७ गुणिले √(क^२ − ४). त्यात २७क मिळवून निम्मं करायचं आणि त्याचं घनमूळ घ्यायचं. त्या घनमुळाला ग म्हणू. पहिलं मूळ म्हणजे −(ग + ९/ग)/३. बाकीची दोन तशीच, फक्त ग ला एकाच्या संमिश्र घनमुळांनी गुणलेलं.

आता क = १ ठेवा. वर्गमुळाखाली −३ येतं. सिम्पायला त्याचं काही वाटत नाही, ते संमिश्र संख्येत जातं, घनमूळ घेतं, आणि ग व ९/ग एकमेकांचे अनुबद्ध (फक्त काल्पनिक भागाचं चिन्ह उलटं) निघाल्यामुळे बेरजेत काल्पनिक भाग कटतो. उत्तर येतं −१.८७९४. बाकीची दोन ०.३४७३ आणि १.५३२१. तिन्हींची बेरीज शून्य, क्ष^२ चा सहगुणक शून्य आहे म्हणून तशी यायलाच हवी. पण नमपायला तुम्ही वास्तव दशांशांची रांग दिलीत. वास्तव रांगेत ऋण संख्येचं वर्गमूळ मागितलं की ते संमिश्रात जात नाही, तिथे नॅन (‘संख्या नाही’ अशी खूण) ठेवतं आणि पुढे चालतं. नॅनमध्ये काहीही मिळवलं तरी नॅन. म्हणून मधला भाग कोरा.

क < −२ चं कारण वेगळं आहे. तिथे वर्गमूळ ठीक निघतं, पण घनमुळाखालची संख्या ऋण होते. ऋण वास्तव संख्येचा १/३ वा घात नमपायमध्ये पुन्हा नॅन. सिम्पायमध्ये मात्र −८ चं घनमूळ −२ नसून १ + १.७३२आय असतं, कारण ते मुख्य शाखा (तीन घनमुळांतलं ठरलेलं एक) घेतं. शाळेत शिकलेलं वास्तव घनमूळ हवं असेल तर सिम्पायमध्ये रिअल_रूट आहे, नमपायमध्ये सीबीआरटी आहे. पण इथे ती लावू नका, संमिश्र आधाराच्या सूत्रात ती बसत नाहीत.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. उजवीकडे १ च्या वर दिसणारी ती रेघ खोटी आहे. क = ३ घ्या. वास्तव मूळ एकच, −२.१०३८. उरलेली दोन संमिश्र, दोघांचा वास्तव भाग १.०५१९. मॅटप्लॉटलिबने इशारा दिला, काल्पनिक भाग टाकून दिला आणि वास्तव भाग रेघ म्हणून काढला. १.०५ समीकरणात घालून पाहा, डावी बाजू १ च्या आसपास येते, शून्य नाही. हा आलेख तसाच टिपणात गेला असता तर विद्यार्थ्यांना तिथे एक समतोल आहे असं वाटलं असतं. कोरा आलेख निदान प्रश्न विचारायला लावतो, ही रेघ कुणाला खटकलीही नसती.

आय का जात नाही, तर तो जाऊच शकत नाही. परिमेय सहगुणकांच्या त्रिघातीचे परिमेय अवयव पडत नसतील आणि तिन्ही मुळं वास्तव असतील, तर ती फक्त वास्तव करणींमध्ये (वर्गमूळ, घनमूळ वगैरे) लिहिता येत नाहीत. फ्रेंच गणिती वान्त्सेलने हे १८४३ मध्ये सिद्ध केलं. त्याच्या कितीतरी आधी, १५७२ मध्ये, इटालियन गणिती बोम्बेलीने क्ष^३ = १५क्ष + ४ घेऊन दाखवलं होतं की सूत्र −१२१ च्या वर्गमुळातून जातं आणि बाहेर येताना सरळ ४ देतं: (२ + आय) चा घन २ + ११आय, (२ − आय) चा घन २ − ११आय, आणि दोघांची बेरीज ४. मला हे उदाहरण फार आवडतं, हाताने पाच ओळींत पडताळता येतं. तेव्हा सिम्प्लिफायकडून जे अशक्य आहे त्याची वाट पाहू नका.

मग आलेखाचं काय? तुमचं समीकरण उलटं वाचा. क्ष क च्या भाषेत लिहायला कठीण आहे, पण क क्ष च्या भाषेत लिहायला एक ओळ लागते: क = ३क्ष − क्ष^३. क्ष ला −२.२ ते २.२ पर्यंत चालवा, आडव्या अक्षावर ३क्ष − क्ष^३ ठेवा, उभ्या अक्षावर क्ष. झालं. ना वर्गमूळ, ना घनमूळ, ना शाखा. क आपोआप −४ ते ४ फिरतं आणि वक्र क्ष = ±१ ला वळतो, जिथे क = ±२ आहे हे लगेच दिसतं.

तुमच्या विषयाला तर याचा दुहेरी फायदा आहे. वेगाचं अवकलन ३ − ३क्ष^२. म्हणजे |क्ष| > १ असेल तिथे समतोल स्थिर, आत असेल तिथे अस्थिर. तेव्हा क्ष चे तीन तुकडे करा आणि मधला तुकडा तुटक रेघेने काढा. सूत्रांच्या वाटेने गेलात तर हे तुकडे वेगळे करताना हात दुखतील, कारण क > २ ला वास्तव मूळ पहिल्या सूत्रात असतं आणि क < −२ ला तेच दुसऱ्याच सूत्रात जाऊन बसतं.

अक्ष_आणि_अंश

वरचं उत्तर पटलं. मी मॅक्सिमा (सिम्पायसारखीच अक्षरी बीजगणित करणारी प्रणाली) वापरतो म्हणून तिथलं लिहितो. ड्रॉ पॅकेज लोड करून ड्रॉ२डीमध्ये इम्प्लिसिट द्यायचं, समीकरण जसंच्या तसं, मग क ची मर्यादा, मग क्ष ची. पूर्ण वक्र येतो, सोडवायची गरजच नाही.

मुळांचं त्रिकोणमितीय रूप हवं असेल तर मॅक्सिमात क ला ठरावीक किंमत देऊन सॉल्व्ह करा, मग रेक्टफॉर्म लावा, मग ट्रिगसिम्प. क = १ ला २कॉस(२π/९) सारखी रूपं बाहेर येतात, आणि तीच विद्यार्थ्यांना दाखवायला छान आहेत. मॅक्सिमा १९६८ मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या मॅकसिमा या प्रणालीतून आलेली आहे, त्यामुळे असली जुनी हत्यारं तिच्यात भरपूर सापडतात.

तिसरं_मूळ

उलटं वाचून आलेख लगेच आला, तुटक रेघेसकट. खोट्या रेघेबद्दल सांगितलंत त्याबद्दल विशेष आभार, तो इशारा आता शेजारच्या सहकाऱ्यांनाही दाखवते आहे.

टिपणात त्रिकोणमितीय रूपही द्यायचं ठरवलं: −२कॉस((फाय + २πम)/३), जिथे कॉस फाय = क/२. त्यासाठी क ला रिअल=ट्रू देऊन पुन्हा जाहीर केलं. आता आधीच्या सूत्रांत सब्स करून क = १ ठेवलं तर काहीच बदलत नाही, सूत्र जसंच्या तसं परत येतं, त्रुटीही नाही. शिवाय नव्या सूत्रात कॉसच्या आत ०.६६६६६६६६६६६६६६७π असं दिसतं आहे, २π/३ नाही.

रांगोळी_प्लॉट

दोन्ही ओळखीचे आहेत, मी सांगते.

सब्सचं: सिम्पायमध्ये चलाची ओळख नाव आणि गृहीतकं मिळून ठरते. साधं क आणि रिअल=ट्रू असलेलं क छापल्यावर सारखीच दिसतात, पण सिम्पायच्या लेखी ती दोन वेगळी चलं. जुन्या सूत्रात जुना क आहे, तुम्ही नव्या क ची किंमत घालता आहात, तो त्या सूत्रात नाहीच. सूत्राचं फ्री_सिम्बॉल्स काढा आणि त्यातला क तुमच्या क शी दोन बरोबर-चिन्हांनी ताडून पाहा, फॉल्स येईल. उपाय: सगळी चलं वहीच्या (नोटबुकच्या) पहिल्याच सेलमध्ये गृहीतकांसकट एकदाच जाहीर करायची आणि कर्नल रीस्टार्ट करून वरपासून चालवायचं. वहीत सेल मागेपुढे चालवत राहिलं की जुनी चलं सूत्रांत लपून बसतात.

आणखी एक, सब्स मूळ सूत्र बदलत नाही, नवं परत देतं. ते कशात तरी साठवायला हवं.

दशांशाचं: तुम्ही बहुतेक २/३*π असं टंकलं आहे. पायथन डावीकडून जातं, आधी २/३ करतं, दोन्ही पायथनच्या पूर्ण संख्या म्हणून तिथेच दशांश होतो, सिम्पायला काही कळायच्या आत. २*π/३ लिहा. मग भागाकार सिम्पायच्या हातात येतो आणि अपूर्णांक अचूक राहतो. π नसेल तिथे रॅशनल(२, ३). घातांक १/३ लिहितानाही हेच, नाहीतर ०.३३३३ चा घात होतो.

घातांक_७

याच धाग्यात विचारतो, माझंही आलेखाचंच आहे. एका बहुपदीचा एक्स्पांड करून ०.९९ ते १.०१ मध्ये आलेख काढला. गुळगुळीत वक्राऐवजी दाट करवतीसारखं काहीतरी येतं, शून्याला असंख्य वेळा छेदणारं. बहुपदी (क्ष − १)^७ आहे. बिंदू वाढवले तर करवत आणखी दाट होते.

कागद_पेन्सिल

बिंदू वाढवून हे जाणार नाही, कारण तुम्हाला जे दिसतं आहे तो वक्र नाही, पूर्णांकनाची चूक आहे. ०.९९ ला खरी किंमत −१०^−१४ आहे. विस्तारलेल्या रूपात २१, ३५, ३५, २१ असे सहगुणक आहेत, म्हणजे पस्तीसच्या आसपासच्या संख्यांची बेरीज-वजाबाकी करून एवढं लहान उत्तर काढायचं. दुहेरी अचूकतेत साधारण सोळा अंक मिळतात, तेव्हा पस्तीसच्या संख्येत शेवटच्या अंकाची चूकच १०^−१५ च्या घरात. अशा आठ पदांची मिळून चूक उत्तराएवढीच होते.

फॅक्टर लावा आणि अवयव पाडलेलं रूपच लॅम्ब्डिफाय करा. एका वजाबाकीनंतर फक्त गुणाकार उरतात आणि वक्र स्वच्छ येतो. अवयव पडत नसतील तर लॅम्ब्डिफायला नमपायऐवजी एमपीमॅथ (हव्या तितक्या अंकांनी गणना करणारी लायब्ररी) सांगा आणि अंक पन्नास करा, मात्र क्ष च्या किमतीही एमपीमॅथच्याच हव्यात. वेळ लागेल, पण आलेखावर विश्वास ठेवता येईल.

एक्स्पांड ही हाताने गणित करताना उपयोगी क्रिया आहे. किंमत काढण्यापूर्वी ती सवयीने चालवू नका.

तिसरं_मूळ

चलं वरती एकत्र आणली, सब्स चालतं आहे, २π/३ पण आलं. आता क = १ ला त्रिकोणमितीय रूप −१.८७९४ देतं आणि करणींचं रूप −१.८७९४ सोबत शेवटी ०.ई−२०*आय असं काहीतरी छापतं. हे शेपूट टिपणात कसं टाळू?

कागद_पेन्सिल

ईव्हॅल्फला (सूत्राची दशांश किंमत काढणारी क्रिया) चॉप=ट्रू द्या, ते शेपूट छाटलं जाईल. पण ते करायच्या आधी शेपटाचा आकार एकदा डोळ्यांनी पाहा. १०^−२० असेल तर ती गणनेची धूळ आहे. ०.५६५२ असेल, जसं क = ३ च्या त्या दोन मुळांना येतं, तर ते खरं आहे आणि ते मूळ वास्तव नाही. आलेखासाठी छाटणी स्वतः करणार असाल तर काल्पनिक भाग १०^−९ पेक्षा मोठा असेल तिथे नॅन ठेवा, म्हणजे खोटी रेघ पुन्हा उगवणार नाही.