सेल्टिकचे हिरवे-पांढरे पट्टे आमच्या मुलांनी घालावेत का?

किनारपट्टी (वेंगुर्ले):
नमस्कार मंडळी. आमच्या वाडीतील मुले ओहोटीला, सुरूच्या बनासमोरच्या ओल्या वाळूवर फुटबॉल खेळतात. यंदा मुंबईकर चाकरमान्यांच्या मंडळाने त्यांना जर्सी शिवून देण्याचे ठरवले असून, मुलांनी ग्लासगोच्या सेल्टिकसारखे हिरवे-पांढरे आडवे पट्टे मागितले आहेत. बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, की हा क्लब स्कॉटलंडमधल्या आयरिश कॅथलिकांचाच असेल, तर त्याचा वेश आपण का घ्यावा? मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

खाडीकाठ (मालवण):
ज्येष्ठांचा प्रश्न योग्य आहे, पण त्याचे उत्तर आपल्या गाव-मंडळांच्या इतिहासातच सापडेल. आयर्लंडच्या दुष्काळातून ग्लासगोला आलेली कुटुंबे शहराच्या पूर्व भागात हलाखीत राहत होती. त्यांच्या उपाशी मुलांना दुपारचे जेवण मिळावे, यासाठी निधी उभा करण्याच्या हेतूने ब्रदर वॉलफ्रिड या आयर्लंडमधल्या स्लायगोच्या, मॅरिस्ट या कॅथलिक संघातील धर्मबंधूंनी ६ नोव्हेंबर १८८७ रोजी कॅल्टनमधील सेंट मेरी चर्चच्या सभागृहात हा क्लब स्थापन केला. गिरणगावात एका खोलीत वीस-वीस जणांनी दिवस काढून गावच्या शाळेला पैसे पाठवणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगावे लागणार नाही. ‘सेल्टिक’ या नावातही आयरिश आणि स्कॉटिश अशी दोन्ही मुळे सामावली आहेत. पहिला सामना २८ मे १८८८ रोजी ग्लासगोच्याच रेंजर्स क्लबविरुद्ध झाला आणि सेल्टिकने तो ५-२ असा जिंकला.

मात्र १८९७ मध्ये क्लबची मर्यादित कंपनी झाली आणि दानधर्म मागे पडला, याचे मला आजही वाईट वाटते.

धर्माबाबत एकच गोष्ट सांगतो. क्लबचे सर्वांत थोर व्यवस्थापक जॉक स्टीन हे प्रोटेस्टंट होते आणि आधी कोळसा खाणीत काम करत. त्यांच्या संघाने २५ मे १९६७ रोजी लिस्बनमध्ये इंटर मिलानला २-१ हरवून युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकला. ब्रिटनमधल्या क्लबने तो जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि त्या संघातले सगळे खेळाडू ग्लासगोपासून सुमारे पन्नास किलोमीटरच्या आत जन्मलेले होते.

आंबोळगड:
वरील उत्तरात एक भर घालतो. कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचे मोहम्मद सलीम १९३६ मध्ये सेल्टिकच्या जर्सीत दोन सामने खेळले, तेही बूट न घालता. क्लबचे जिमी मॅकमेनेमी त्यांच्या पायांना पट्ट्या बांधत असतानाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. घरची ओढ लागल्याने सलीम परतले. प्रोटेस्टंटांचा मानल्या गेलेल्या रेंजर्सशी असलेल्या वैरात मात्र धार्मिक कटुता दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांत दीर्घकाळ राहिली, हेही मुलांना प्रामाणिकपणे सांगावे.

किनारपट्टी (वेंगुर्ले):
मनापासून आभार. सलीम यांच्याविषयीचा मजकूर मी ज्येष्ठांना वाचून दाखवला आणि त्यांनी लगेच होकार दिला, कारण आमची मुलेही अनवाणीच खेळतात. आता शिंपी विचारत आहेत, की पट्टे आडवेच हवेत का आणि क्रमांक कोठे लावायचे?

खाडीकाठ (मालवण):
आडवेच ठेवावेत. आधी उभे पट्टे होते, आडवे १९०३ मध्ये आले. पुढे पट्टे अखंड दिसावेत म्हणून सेल्टिकने १९६० पासून क्रमांक चड्डीवर लावले आणि ती रीत अनेक वर्षे पाळली. तुमच्या शिंप्यांनाही तसेच सांगावे.