दारव्ह्याचं स्टेशन आणि शकुंतला: लाईन खरंच अजून इंग्रजांची आहे का?

मुलुंडकर_भाचा
दिवाळीत बऱ्याच वर्षांनी आजोळी गेलो, दारव्ह्याला (यवतमाळ जिल्हा). सहज स्टेशनकडे चक्कर मारली तर रूळ गवतात गडप, चिटपाखरू नाही. आजी लग्न होऊन इथल्याच शकुंतला गाडीने सासरी आलेली. मामा म्हणतो ही लाईन अजून इंग्रजांची आहे, भाडं लंडनला जातं, आणि व्हॉट्सॲपवर पण हेच फिरतंय. खरं काय? आणि एवढ्याशा गावात शंभर वर्षांपूर्वी रेल्वे आणली कशाला?

दादर_फास्ट
कापसासाठी, दुसरं काय. वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरात आणि तिथून मँचेस्टरला न्यायचा होता. मूर्तिजापूरवरून भुसावळ-नागपूर मेन लाईन जाते, तिथून दारव्ह्यावरून यवतमाळपर्यंत ११३ किमी आणि दुसरीकडे अचलपूरपर्यंत ७६ किमी अशा दोन नॅरोगेज शाखा टाकल्या. दोन्ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या. दोन रुळांमधलं अंतर (गेज) फक्त ७६२ मिमी, म्हणजे रूळ हलके, पूल छोटे, खर्च कमी. फक्त मूर्तिजापूरला सगळा माल छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात भरायला लागायचा, गेज वेगळा ना.

आता लंडनचं. लाईन टाकणारी किलिक निक्सन कंपनी १८५७ साली आपल्या मुंबईतच सुरू झाली. मालक इंग्रज होते पण नंतर कंपनी भारतीयांकडे आली. स्वातंत्र्यानंतर बाकीच्या खाजगी लाईनी सरकारने घेतल्या, ही राहून गेली. रूळ कंपनीचे, गाडी चालवायची मध्य रेल्वे, आणि कंपनीला करारानुसार पैसे. म्हणजे मामा अर्धे बरोबर आहेत, लाईन खाजगी होती हे खरं, पण राणीला भाडं वगैरे फॉरवर्डवाल्यांची मजा.

वऱ्हाडी_माणूस_ठाणे
अरे बाप्पा, कायची आठवण काढली! आम्ही लहानपणी कारंज्याहून बसायचो. गार्डच खाली उतरून तिकिटं फाडायचा, मग हिरवी झेंडी पण तोच दाखवायचा, आणि एखादी म्हातारी गाठोडं घेऊन धावत येताना दिसली की गाडी थांबलीच समज. कोळशाचं इंजिन होतं तोवर पांढरा शर्ट घालून बसायची सोय नव्हती, ठिणगी उडून भोक पडायचं न् घरी मार. ते इंजिन १९२१चं, मँचेस्टरमध्येच बनलेलं, एप्रिल १९९४ पर्यंत राबलं, मग डिझेल आलं. एसटी लवकर पोचवायची पण तिकीट परवडायचं नाही, म्हणून गरीब माणूस शकुंतलेनेच जायचा. कापूस तर कधीच ट्रकवर गेला होता.

मुलुंडकर_भाचा
म्हणजे मूळ स्टेशन कापसाच्या गाठींसाठी, आजी नंतर बसली 😀 कापूस मँचेस्टरला आणि इंजिन मँचेस्टरहून, भारी हिशोब आहे. आता परत चालू व्हायचा काही चान्स?

दादर_फास्ट
२०१६ मध्ये ही लाईन ब्रॉडगेज (मेन लाईनसारखी रुंद) करायची घोषणा झाली होती. मला तरी शकुंतलेपेक्षा वर्धा-यवतमाळ-नांदेड लाईनचा भरवसा जास्त वाटतो, तिचा वर्धा-कळंब तुकडा २०२४ मध्ये सुरू झाला आणि ती दारव्ह्यावरूनच पुढे जाणार आहे. पण जुन्या इमारतीचं कोण बघतंय, काही ठेवतील असं वाटत नाही. फोटो काढलेस ना?

मुलुंडकर_भाचा
काढलेत, पण सगळ्यात मामाच पुढे उभा आहे, मागे स्टेशनचं फक्त छप्पर दिसतंय. मे महिन्यात परत जातो.