शब्दचर्चा: टेनेसी विल्यम्सची भाषा 'लिरिकल', म्हणजे मराठीत काय?

खडूशाई
अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्सवरचा एक लेख मराठीत करतेय. इंग्रजी समीक्षक त्याच्या भाषेला उठताबसता 'लिरिकल' म्हणतात. मी 'काव्यमय' लिहिलं, पण माझं मलाच पटेना. आपल्याकडे 'भाषा जरा काव्यमय झालीय' हे निम्मं दूषणच असतं. 'भावगीतात्मक' लिहावं तर कानात रेडिओवरची पेटी वाजायला लागते. 'गेय' लिहिलं तर वाचकाला वाटायचं, पात्रं मध्येच पदं म्हणतात की काय! तुम्ही काय योजाल?

जुना प्रूफवाला
'लिरिक'चं मूळ 'लायर' या ग्रीक तंतुवाद्यात. त्यावरून आपल्याकडे 'वीणाकाव्य' असा शब्द घडवला गेला, पण तो काही जिभेवर रुळला नाही. मी 'काव्यात्म' घेईन. 'काव्यमय'मध्ये कविता वरून ओतलेली वाटते, 'काव्यात्म'मध्ये ती आतच असते.

तिसरी घंटा
काका, फरक मान्य. पण आधी हे बघा, की विल्यम्सने स्वतः हा शब्द कुठे वापरलाय. 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' (१९४७; 'स्ट्रीटकार' म्हणजे ट्राम) हे त्याचं नाटक उघडतं ते न्यू ऑर्लीन्सच्या एका गरीब वस्तीत. तिथल्या पहिल्याच रंगसूचनेत तो संध्याकाळच्या आकाशाचा रंग सांगतो: हळुवार निळा, जवळजवळ पिरोजी. या निळ्यामुळे दृश्याला एक 'लिरिसिझम' येतो आणि पडझडीची कळा सौम्य होते, असं तो म्हणतो. म्हणजे शब्द आलाय तो आकाशाबद्दल, संवादांबद्दल नाहीच! इथे 'काव्यात्मता' लिहून बघा, वाक्य लगेच परीक्षणासारखं वाजतं. मी 'कोवळीक' लिहीन. कोवळं ऊन म्हणतो, तसा कोवळा निळा.

आणि हा निळा रंग जे करतो तेच नाटकाची नायिका ब्लांश करते. उघडा बल्ब तिला सोसत नाही, त्यावर ती कागदी कंदील चढवून घेते. तिची लांब, वळणं घेत जाणारी वाक्यंही तशीच, उघड्या गोष्टीवर चढवलेली. तिच्या बहिणीचा नवरा स्टॅन्ली, त्याच्या तोंडी असलं काही नाही. तो कंदील ओरबाडून काढतो, आणि बोलतोही तसाच. त्यामुळे 'विल्यम्सची भाषा लिरिकल' हे विधानच मला अर्धवट वाटतं. नाटकात ही भाषा एका बाजूची आहे, आणि ती बाजू हरते.

खडूशाई
हे लेखात घेते. पण ताई, सगळीकडे 'कोवळीक' चालेल? 'काव्यात्म'ला हरकत काय, ते अजून कळलं नाही.

तिसरी घंटा
नाही चालणार, शब्द जागेवर ठरेल. 'काव्यात्म' म्हटलं की आपण उपमा-रूपकं शोधायला लागतो, ही माझी हरकत. त्याचंच 'द ग्लास मिनॅजरी' (१९४४) घे. शाळेत असताना त्यातल्या लॉराला प्लुरोसिस होतो, फुप्फुसाच्या आवरणाचा आजार. तिचा शाळासोबती जिम, त्याला ते 'ब्लू रोझेस' असं ऐकू येतं आणि तो तिला त्याच नावाने हाक मारायला लागतो. एक उपमा नाही, अलंकार नाही. ऐकण्यातली चूक, बस. विल्यम्सच्या बहिणीचं नाव रोझ होतं आणि १९४३ मध्ये तिच्या मेंदूवर लोबोटॉमी नावाची शस्त्रक्रिया झाली होती, हे ठाऊक असलं की ते फूल आणखीच टोचतं. मराठीत 'निळे गुलाब' केलं की रंग राहतो आणि कानाचा घोटाळा मात्र जातो. मी 'ब्लू रोझेस'च ठेवीन.

त्याच नाटकात लॉराचा भाऊ टॉम सुरुवातीलाच सांगतो, की आठवणीत सगळं जणू संगीताच्या साथीनेच घडतं. मला वाटतं 'लायर' तिथे आहे. तेव्हा संवादांसाठी 'लयदार' का नको? साधा शब्द आहे.

जुना प्रूफवाला
'लयदार' चालेल. माझ्याकडून आणखी एक उदाहरण. ब्लांश येते तीच पत्ता विचारत: 'डिझायर' नावाची ट्राम घ्यायची, मग 'सिमेटरीज' नावाची, आणि उतरायचं 'इलिझियन फील्ड्स'ला. वासना, स्मशान, स्वर्गलोक! पण यातलं एकही नाव लेखकाच्या कल्पनेतलं नाही, तिन्ही त्या शहरातलीच. डिझायरची ट्राम १९४८ पर्यंत धावत होती. विल्यम्सने नुसती पाटी वाचली.

विजय तेंडुलकरांनी हे 'स्ट्रीटकार' नाटक 'वासनाचक्र' या नावाने मराठीत आणलं. नाव म्हणून जोरदार, आणि 'चक्र'मध्ये मला ट्रामचं चाकही ऐकू येतं. पण 'वासना' म्हटलं की मराठीत निकाल लागूनच गेला! ट्रामच्या पाटीवर निकाल नसतो. 'ट्राम' हा शब्द तर आपल्याला परका नव्हता, मुंबईत ती १९६४ पर्यंत होती.

खडूशाई
मग असं करते: आकाशाला 'कोवळीक', संवादांना 'लयदार', आणि 'काव्यात्म' एकदाच, तेही इतर समीक्षकांचं मत सांगताना. काका, रागावू नका.

आता पुढचं. ब्लांशच्या त्या शेवटच्या प्रसिद्ध वाक्यातले 'स्ट्रेंजर्स' कोण? 'अनोळखी लोक' सपाट वाटतं, 'परके' म्हटलं की आत दुरावा शिरतो. मी 'तिऱ्हाईत' लिहून ठेवलंय: 'तिऱ्हाइतांच्या मायेवरच जगत आले मी.'

तिसरी घंटा
'तिऱ्हाईत' फक्कड! पण 'माया' जास्त होते गं. मूळ शब्द 'काइंडनेस' आहे. 'भलेपणा' करून एकदा मोठ्याने म्हणून बघ.