मदत हवी आहे: टचपॅडच्या केबलच्या सॉकेटची पट्टी तुटली

नमस्कार मंडळी. माझ्या ६ वर्षं जुन्या लॅपटॉपचं टचपॅड डावीकडे दबत नव्हतं. बॅटरी फुगली की ती खालून टचपॅडला वर रेटते, म्हणून आधी तीच शंका आली. रविवारी मागचं झाकण उघडलं तर बॅटरी सपाट, ठणठणीत. तिची पिन काढून ठेवली आणि मगच पुढे हात घातला. टचपॅडखाली शेंगदाण्याचा तिळाएवढा तुकडा अडकला होता! तो काढताच क्लिक परत आलं.

पण टचपॅडची रिबन केबल (पातळ, चपटी केबल) पुन्हा लावताना मदरबोर्डवरच्या सॉकेटची, केबल दाबून धरणारी काळी पट्टी एका टोकाला तुटली. केबल आत जाते, पकड मात्र येत नाही. कर्सर दोन मिनिटं चालतो, लॅपटॉप जरा हलला की गायब. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत) टचपॅडपुढे पिवळं चिन्ह आणि कोड १०, म्हणजे उपकरण सुरू होत नाही, असं दिसतं. माउस लावला की काही अडचण नाही.

केबलच्या पाठीवर, म्हणजे सोनेरी रेघांच्या उलट बाजूला, कॅप्टॉन टेपचे (उष्णता सहन करणारी, वीज न वाहणारी पातळ चिकटपट्टी) थर देऊन ती घट्ट बसवली तर टिकेल का? कुणी केलंय? की फक्त सॉकेट बदलून मिळतं? दुकानदार थेट मदरबोर्डच बदला म्हणतोय, आणि तेवढ्यासाठी ते मनाला पटत नाही. मुलीचा अभ्यास याच लॅपटॉपवर चालतो, त्यामुळे अनुभव असेल त्यांनी कृपया लवकर सांगा.