बोनटवरचे टवके (घरच्या ग्रुपवरून)

दादा, वणी: फोटो पाहा. वरोऱ्याहून येता येता समोरच्या टिप्परची गिट्टी उडाली. बोनटवर तीन टवके, एका जागी तर पत्राच दिसून रायला. शोरूमवाला म्हणते सिरॅमिक कोटिंग मारून घ्या, मग दगडाचं टेन्शनच नाई. करू काय काकाजी?

काकाजी: थांब, पैसे देऊ नको. प्रायमर, रंग अन् वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून सारा रंगच शंभर-सव्वाशे मायक्रॉनचा, वहीच्या पानाएवढा. त्याच्यावर सिरॅमिक एक-दोन मायक्रॉन. ते दगड कसा अडवंन? त्यानं चिखल कमी चिकटते, धुवायले सोपं जाते. त्यासाठी करायचं असंन तर कर, दगडासाठी नाई.

ताई, नागपूर: मग पीपीएफ, म्हणजे रंग वाचवायची ती पेंट प्रोटेक्शन फिल्म? इकडे नव्या गाड्यांना बरेच जण लावतात.

काकाजी: हो, दगडासाठी तेच. पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, १५० ते २०० मायक्रॉन जाड अन् लवचिक, म्हणून मार झेलते. मोठा टोकदार दगड जोरात आला तर तीही फाटते, हे ध्यानात ठेव. पूर्ण गाडीले लावायचा खर्च लय हाय. तुले समोरचा बंपर, बोनट, आरसे अन् चाकामागचा खालचा पत्रा, एवढं पुरे.

दादा, वणी: मग उद्याच लावून घेतो.

काकाजी: अगोदर टवके भर! उघड्या पत्र्यावर फिल्म नको. बोनट लोखंडाचा हाय, पाऊस लागला का जंग रंगाच्या खालून सरकते, मग फोड येते. बंपर प्लास्टिकचा, त्याची घाई नाई. टवका धू, पुरता वाळू दे, मेण-तेल पुसून काढ. पत्रा दिसते तिथं प्रायमरचा ठिपका, मग बारीक ब्रशनं रंगाचे पातळ हात, दर हात वाळू देऊन. शेवटी क्लिअर. दुकानात नुसतं ‘पांढरा’ म्हणून मागू नको, गाडीवरच्या कंपनीच्या माहिती-पट्टीवर कलर कोड रायते, तो सांग.

मामाजी, घाटंजी: भाऊजी, आमच्या इकडं नवीन रस्ता झाला, दरवाजाखाली डांबराचे शिंतोडे बसले. चाकूनं खरवडू काय?

काकाजी: चाकू लावू नका जी, रंगच निघंन. मऊ फडक्यावर थोडं रॉकेल घेऊन डागावर ठेवा, डांबर सुटलं का पुसा, अन् लगेच शॅम्पूनं धुवा. मडफ्लॅप नसंन तर बसवून घ्या, आपल्याच चाकाची गिट्टी दरवाजावर येते.

वहिनी: मले हे समजत नाई, टिप्परच्या इतकं मागं चिकटून चालवताच काहून? लेकरं बसतात गाडीत.

काकाजी: सूनबाई बरोबर बोलली, अन् फुकटचा उपाय हाच हाय. दगड आदळायचा वेग अर्धा झाला का मार चौथाई होते. टिप्परच्या जोडचाकात अडकलेला दगड सुटला तर काचच जाईन, तिथं कोणतीच फिल्म कामाची नाई. कापसाच्या दिवसात ट्रॉल्याही शिवारातला चिखल-गोटे सडकेवर आणतात. अंतर ठेव, ओव्हरटेक करायचं तर मोकळी सडक पाहूनच.

दादा, वणी: पेंटर म्हणते आख्खा बोनटच रंगवून देतो.

काकाजी: तीन टवक्यांसाठी नाई. कंपनीचा रंग भट्टीत पक्का केलेला रायते, बाहेर तसा जमत नाई. शिवाय दुसऱ्यांदा रंगवलेल्या पत्र्यावरची फिल्म काढताना रंग सोबत उखडू शकते. कोडचा फोटो टाक, मी वरोऱ्याच्या दुकानात पाहतो.