शब्दचर्चा : ‘रेशो वाढवला’ म्हणजे नेमकं काय वाढलं?

प्रश्न : मित्राने यामाहाच्या आरएक्स १०० मोटरसायकलला मागे मोठं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चक्र) टाकलं. म्हणतो, ‘रेशो वाढवला, ताकद वाढली.’ पण टॉप स्पीड तर घटला. मग वाढलं काय? आणि रेशोला मराठीत काय म्हणावं?

उत्तर १ : रेशो वाढला हे बरोबर, ताकद वाढली हे चूक.

मागच्या स्प्रॉकेटचे दाते भागिले पुढच्याचे, हा चेनचा रेशो. समजा पुढे १४ आणि मागे ४२ दाते आहेत, तर रेशो ३. म्हणजे पुढचं तीनदा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. मागे ४५ दात्यांचं टाकलं की ३.२१. त्याच आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वेग जवळपास ७ टक्के कमी, आणि चाकाला मिळणारा टॉर्क (फिरवणारा जोर) साधारण तितकाच जास्त. म्हणून गाडी सिग्नलवरून झटकन सुटते, चढावर कमी दमते, हायवेवर मात्र इंजिन ओरडत राहतं.

इंजिनाची पॉवर यात तसूभर वाढत नाही. आरएक्स १०० चे ११ बीएचपी (पॉवर मोजायचं एकक) ११च राहतात. घोळ ‘ताकद’ या शब्दाचा आहे, कारण आपण पॉवरलाही ताकद म्हणतो आणि टॉर्कलाही. पॉवरला ‘शक्ती’ ठीक आहे. टॉर्कला पुस्तकात ‘बल आघूर्ण’ आहे, पण मला ‘पीळ’ आवडतो, कारण शाफ्टला खरोखर पीळच बसतो. रेशोला ‘गुणोत्तर’ निर्दोष आहे. गॅरेजात मात्र रेशोच म्हणा.

उत्तर २ : पुढचा एक दाता कमी केला तरी हेच होतं. १३ आणि ४२ म्हणजे ३.२३. खर्च कमी, म्हणून बरेच जण तेच करतात. पण लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते, हेही सांगायला हवं.

उत्तर ३ : ‘लहान गिअर, मोठा गिअर’ हे शब्द टाळावेत असं माझं ठाम मत आहे. पहिल्याला लोक लहान म्हणतात, पण रेशो त्याचाच सगळ्यांत मोठा. ‘खालचा’ आणि ‘वरचा’ म्हटलं की गोंधळ होत नाही. कुंभार्ली घाटात डबलसीट जाताना ‘खालच्यावर घे’ म्हटलेलं कुणालाही कळतं.

आणि चेनचा रेशो हा पूर्ण रेशो नव्हे. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) ते क्लच, गिअरबॉक्स आणि चेन, तिन्हींच्या रेशोंचा गुणाकार करायचा. स्प्रॉकेट बदललं की सगळेच गिअर एकाच प्रमाणात सरकतात, दोन गिअरमधलं अंतर तेच राहतं. दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये गाडी मरत असेल तर स्प्रॉकेटने ती दरी बुजत नाही.